नववर्षाचा संकल्प : इच्छा आणि नोंद

डिसेंबरचा महिना अर्धा सरला की बँकेच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "साहेब, डायरी आली का?" पूर्वी डायऱ्या गठ्ठ्यांनी येत. आता मोजक्याच येतात, त्या मोठ्या खातेदारांच्या वाट्याला जातात आणि बाकीच्यांची बोळवण कॅलेंडरवर होते. तरीही मागणारे मागतात. ज्याला मिळते तो ती मोठ्या उत्साहाने घरी नेतो. पहिल्या पानावर नाव, पत्ता, रक्तगट लिहितो आणि १ जानेवारीच्या पानावर संकल्प लिहितो. पहाटे उठणार. तंबाखू सोडणार. बचत करणार. खात्याची परीक्षा देणार. संक्रांतीपर्यंत ही पाने भरतात, त्यानंतर त्याच डायरीत दुधाचा हिशेब, गॅसच्या टाकीची तारीख आणि मुलांच्या फीचे आकडे येऊ लागतात. हे मी दुसऱ्याला हसण्यासाठी लिहीत नाही. माझ्या स्वतःच्या अशा कितीतरी डायऱ्या घरच्या माळ्यावर आहेत, आणि त्यांतल्या एका ओळीने मला जे शिकवले ते आपणापुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मानवी जीवनात संकल्पाला मोठे स्थान आहे हे कोणी नाकारणार नाही. परंतु वास्तविक पाहता आपण ज्याला संकल्प म्हणतो ती पुष्कळदा नुसती इच्छा असते. दोहोंतला फरक बँकेत काम करणाऱ्याला चटकन कळावा. समजा, एखादा खातेदार काउंटरवर येऊन म्हणाला, "मला पैसे भरायचे आहेत," तर तेवढ्यावर खात्यात एक रुपयाही जमा होत नाही. स्लिप लागते. स्लिपवर तारीख, खाते क्रमांक, रक्कम आणि सही लागते. यातले एक जरी राहिले तरी आम्ही ती परत करतो. "या वर्षी तब्येतीकडे लक्ष देणार" ही अशीच तारीख नसलेली, रक्कम नसलेली स्लिप आहे. ती कोणी परत करत नाही एवढेच, म्हणून आपल्याला वाटते की ती पास झाली.

चेकचा दाखलाही येथे देण्यासारखा आहे. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो बँकेत सादर करावा लागतो. पूर्वी ही मुदत सहा महिने होती, १ एप्रिल २०१२ पासून ती तीन महिन्यांवर आली. मुदत संपली की चेक शिळा होतो. खात्यात पैसे असूनही वटत नाही. संकल्पाचेही तसेच असावे, फरक इतकाच की तो शिळा झाल्याचे मेमो लावून कोणी कळवत नाही.

काही मंडळी म्हणतात की नववर्षाचे संकल्प ही नुसती फॅशन आहे, ते टिकत नाहीत, तेव्हा ते करूच नयेत. मला हे म्हणणे पटत नाही. अमेरिकेतील स्क्रँटन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस यांनी या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. १९८० च्या दशकातील त्यांच्या एका पाहणीत नववर्षाचा संकल्प करणाऱ्या २०० लोकांचा दोन वर्षे मागोवा घेतला गेला. पहिला आठवडा ७७ टक्के लोक टिकले, दोन वर्षांनंतर १९ टक्के उरले. हा आकडा निराश करणारा वाटेल. परंतु २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात संकल्प करणारे आणि बदल हवा असूनही संकल्प न करणारे असे दोन गट समोरासमोर ठेवले होते. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील ४६ टक्के लोक यशस्वी होते, दुसऱ्या गटातील अवघे ४ टक्के. म्हणजे संकल्प करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक घसरतात हे खरे, पण न करणारे बहुतेक सर्वच जागच्या जागी राहतात. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. पहिल्या पाहणीत जे दोन वर्षे टिकले त्यांच्यापैकीही निम्म्याहून अधिक लोकांचे पाऊल मधेच कधी ना कधी घसरले होते. टिकणे म्हणजे न घसरणे नव्हे, ही गोष्ट आपण ध्यानात घेत नाही आणि पहिल्याच चुकीला सगळा संकल्प सोडून देतो.

आता तारखेचा प्रश्न. १ जानेवारीच का? रोमन लोकांनी या महिन्याला जानस या देवतेचे नाव दिले. त्याला दोन तोंडे, एक मागे पाहणारे आणि एक पुढे. ही कल्पना चांगली असली तरी आपले एकच नववर्ष नाही. गुढीपाडव्याला नवे वर्ष लागते, जूनमध्ये शाळेचे लागते, आणि आम्हा बँकवाल्यांचे खरे वर्ष ३१ मार्चच्या रात्री संपते. १ जानेवारीला आमची बँक इतर दिवसांसारखीच उघडी असते. ज्याचे वर्ष जिथे सुरू होते तिथून त्याने आरंभ करावा. हेंगचेन दाई, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१४ साली असे दाखवून दिले की नवा आठवडा, नवा महिना, नवे सत्र, वाढदिवस अशा कोणत्याही ठळक दिवसानंतर माणसे व्यायामशाळेत अधिक जाऊ लागतात. ठळक दिवसामुळे मागचे अपयश मागच्या खात्यात टाकता येते. आपल्यापैकी पुष्कळजण १ जानेवारीला भीमा कोरेगावला जातात, ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती असते, एप्रिलमध्ये १४ तारीख आहे. आपल्या समाजाला ठळक दिवसांची वाण कधीच नव्हती.

संकल्पाचे उदाहरण म्हणून आपण नेहमी १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर यांच्याकडे बोट दाखवतो. ते योग्यच आहे. एकवीस वर्षे अभ्यास करून पूर्ण केलेला तो संकल्प होता. पण नोकरी-व्यवसायाच्या संदर्भात मला बाबासाहेबांच्या आयुष्यातील त्याआधीची सहा वर्षे अधिक जवळची वाटतात. आपल्यासारख्या नोकरदाराच्या अडचणी तिथे जशाच्या तशा सापडतात.

१९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. मात्र परत येताना त्यांनी लंडन विद्यापीठाची परवानगी घेऊन ठेवली होती. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुन्हा सुरू करता येईल अशी ती होती. संकल्पाला मुदत पडली ती इथे. त्यानंतर काय काय झाले पाहा. पुस्तकांचे सामान ज्या बोटीवर होते ती महायुद्धात बुडवली गेली. बडोद्यातील नोकरीत जातीमुळे राहायला जागासुद्धा मिळाली नाही आणि ती सोडावी लागली. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात ते नोव्हेंबर १९१८ मध्ये प्राध्यापक झाले. पक्की, मानाची, पगाराची नोकरी! एखाद्याने म्हटले असते, आता बस्तान बसले, लंडनचे पुढे पाहू. त्यांनी त्या पगारातून पैसे बाजूला टाकले, मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली आणि स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत व नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज एवढ्या बळावर त्याच वर्षी लंडन गाठले. चार वर्षांची मुदत संपायच्या आत.

१९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. पुढच्या वर्षी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सादर केला, तर परीक्षकांनी आक्षेप घेतले आणि पुन्हा लिहायला सांगितले. पैसे संपत आले होते. ते मुंबईला परतले, इथे बसून फेरलेखन केले, लंडनला पाठवले, आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. ही पदवी मिळाली. त्याच सुमारास बॅरिस्टरीही पूर्ण झाली. प्रबंध नाकारला गेला असे न मानता तो दुरुस्तीसाठी परत आला आहे असे त्यांनी मानले. आमच्याकडेही व्हाउचर दुरुस्तीला परत येते, त्यावर कोणी रडत बसत नाही, खाडाखोड करून सही करतो आणि पुन्हा पाठवतो. (मी कला शाखेचा पदवीधर. तो प्रबंध मला फारसा समजला नाही हे कबूल करतो. पण नोटा मोजणाऱ्या माणसाने निदान तो हातात धरलेला असावा म्हणून ग्रंथालयातून आणला होता.)

या सहा वर्षांचा विचार करताना एक गोष्ट विसरू नये. त्या काळात मुंबईत घर चालवत होत्या रमाबाई. लंडनमधल्या एका संकल्पाचा निम्मा भार परळच्या चाळीत उचलला जात होता. आपण संकल्प लिहितो तेव्हा तो आपल्या घरातल्या कोणाच्या खात्यातून वजा होणार आहे हे बघतो का? नवरा पहाटे अभ्यासाला बसणार असेल तर पाणी कोण भरणार? माझ्या मते ज्याच्यावर भार पडणार आहे त्याची संमती घेतल्याशिवाय घरातला कोणताही संकल्प लिहूच नये.

आपल्या परंपरेत संकल्पाचा विचार फार बारकाईने झाला आहे. पाली परंपरेतील दहा पारमितांमध्ये अधिष्ठान ही आठवी. अधिष्ठान म्हणजे ठाम उभे राहणे. पंचशीलाकडेही या दृष्टीने पाहावे. तिथे कोणी वरून आज्ञा देत नाही. शील हे 'सिक्खापद' आहे, म्हणजे शिकण्याचा, सरावाचा नियम, आणि तो मी माझ्या मनाने स्वीकारतो असा त्याचा अर्थ आहे. शिवाय ते एकदा घेऊन संपत नाही. दर पौर्णिमेला, दर वंदनेला, लग्नात, गृहप्रवेशात, दुःखाच्या प्रसंगी आपण तेच पुन्हा घेतो. लहानपणी मला प्रश्न पडे की एकदा घेतले ते परत परत का घ्यायचे? आता कळते की माणूस विसरतो, घसरतो, हे गृहीत धरूनच ही व्यवस्था केलेली आहे. १ जानेवारीला एकदाच लिहून वही मिटणाऱ्याने याचा विचार करावा.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे येऊ. आमच्या शाखेत एक सहकारी होते, वीस वर्षे तंबाखू खाणारे. दर नववर्षाला सोडत, आठवडाभराने पुन्हा चुन्याची डबी खिशात. एका वर्षी त्यांनी वेगळे केले. नीट पाहिले तर तलफ दिवसभर नसते, डबा खाऊन झाला की हात खिशाकडे जातो, हे त्यांनी हेरले. मग त्याच डबीत बडीशेप आणि लवंग भरून ठेवली आणि ठरवले, "डबा संपला की हीच डबी उघडायची आणि जिना उतरून खाली एक चक्कर मारायची." हात तोच, खिसा तोच, डबी तीच. पहिले दोन महिने त्यांचा स्वभाव चिडचिडा झाला होता, कॅशमध्ये दोनदा फरकही आला. पण सुटली ती सुटली.

त्यांनी कोणतेही पुस्तक वाचलेले नव्हते. परंतु जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ साली हीच गोष्ट शास्त्रीय भाषेत मांडली आहे. "अमुक झाले की मी तमुक करीन" अशा वाक्यात निश्चय बांधला तर तो पार पडण्याची शक्यता नुसत्या निश्चयापेक्षा बरीच वाढते. वेळ, जागा आणि प्रसंग आधीच ठरल्यामुळे त्या क्षणी मनाशी वाद घालावा लागत नाही. तसेच, 'सोडणे' यापेक्षा 'धरणे' सोपे जाते. स्वीडनमध्ये हजाराहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, काहीतरी नवे करण्याचा संकल्प सोडलेल्यांपैकी सुमारे ५९ टक्के वर्षअखेर यशस्वी ठरले, तर काहीतरी टाळण्याचा संकल्प केलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्के. आणि सवय जडायला किती दिवस लागतात? एकवीस दिवस असे सर्रास सांगितले जाते. लंडनच्या फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस आले, आणि माणसामाणसात फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. त्यातच असेही आढळले की एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यावर विशेष परिणाम होत नाही. तेव्हा बाविसाव्या दिवशी जमले नाही म्हणून वही फेकू नये.

पैशाच्या संकल्पाबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे मनावर भिस्त ठेवण्याचे कारणच नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून आपोआप रक्कम आवर्ती ठेवीत जाईल अशी स्थायी सूचना शाखेत एकदा लिहून द्या, काम झाले. ज्यांचे पब्लिक प्रॉव्हिडंट फंडाचे खाते आहे त्यांनी महिन्याच्या ५ तारखेच्या आत पैसे भरावेत, नाहीतर त्या महिन्याचे व्याज त्या रकमेवर मिळत नाही. हे पंधरा वर्षे खाते चालवणाऱ्यांनाही माहीत नसते. उरलेल्या पैशातून बचत करीन असे म्हणणाऱ्याकडे पैसे उरलेले मी माझ्या नोकरीत पाहिले नाहीत.

आता त्या माळ्यावरच्या डायऱ्यांबद्दल.

माझे वडील नगरपालिकेत सफाई कामगार होते. ते गेल्यानंतर आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले आणि तिचे खाते होते त्याच शाखेत पुढे काही वर्षे माझी नेमणूक होती. आई निरक्षर. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला ती येई, आणि पैसे काढायला दर महिन्याला. अंगठ्याचे खाते असल्यामुळे चेकबुक नाही, स्वतः पासबुक घेऊन यावे लागे. २०११ च्या नोव्हेंबरात ती रांगेत उभी राहिली. मी तिचा मुलगा, म्हणून साक्षीची सही शेजारच्या सहकाऱ्याने केली. मी फक्त शाईचा पॅड पुढे सरकवला. अंगठा उठवून झाल्यावर तिने तो पदराला पुसला, माझ्याकडे पाहिले आणि हसत म्हणाली, "तुझ्याच ब्यांकेत माझं बोट काळं व्हतंय, न्हाई का रं?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र तो दिवस काम सुचले नाही. १ जानेवारी २०१२ च्या पानावर मी लिहिले, 'आईला सही करायला शिकवणे.' त्याखाली, 'बँकेची जे.ए.आय.आय.बी. परीक्षा देणे.' आणि त्याखाली, 'रोज चालणे.'

२०१३ च्या डायरीत याच तीन ओळी आहेत. २०१४ च्या डायरीत आहेत. २०१९ पर्यंत, आठ डायऱ्यांत, त्याच तीन ओळी त्याच क्रमाने आहेत, फक्त अक्षर अधिकाधिक घाईचे होत गेले आहे. मी आळशी होतो असे नाही. लोकलने येऊन जाऊन रात्रीचे आठ वाजत, रविवारी कोणाकडे तरी कार्यक्रम असे, आणि मनात सदैव एक विचार असे की हे काम निवांतपणे, व्यवस्थित करू. सही शिकवायची म्हणजे आधी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग जोडाक्षरे, अशी मोठी योजना माझ्या डोक्यात होती. दोनदा अंकलिपीही आणली. ती कपाटात राहिली.

१ जानेवारी २०२० रोजी मी नवी डायरी भरत बसलो असताना माझी मुलगी, ती तेव्हा सहावीत होती, शेजारी येऊन बसली. तिला जुन्या डायरीत रस वाटला. पाने चाळून म्हणाली, "पप्पा, आजीचं हे तर मागच्या वर्षीपण होतं." मी काही बोललो नाही. दोन दिवसांनी, शुक्रवारी, शाळेत सावित्रीबाईंच्या जयंतीचा कार्यक्रम झाला. संध्याकाळी ती घरी आली, दप्तर टाकले, आणि आजीचा चहा संपल्याबरोबर पाटी घेऊन तिच्यापुढे बसली.

तिच्याकडे कसलीही योजना नव्हती. मुळाक्षरे नाहीत, बाराखडी नाही. आजीच्या नावात जेवढी अक्षरे आहेत तेवढीच शिकायची, रोज चहा झाला की एक, बस्स. चुकले किंवा पाहुणे आले तर दुसऱ्या दिवशी तेच अक्षर, दोन नाहीत. आईच्या नावात एकही जोडाक्षर नाही, आडनावात मात्र एक आहे, आणि त्या एका जोडाक्षराने महिना खाल्ला. शेतात आणि नंतर लोकांच्या घरी भांडी घासण्यात आयुष्य गेलेल्या त्या हाताला पेन्सिल फार बारीक वाटे. म्हणे, "धरावं तर निसटतंया, दाबावं तर मोडतंया." मार्चमध्ये टाळेबंदी लागली, सगळेच घरी बसले आणि पाटीचा वेळ वाढला. एप्रिलच्या अखेरीस ती बघून लिहीत होती, पावसाळ्यात न बघता लिहू लागली.

नोव्हेंबर २०२० मध्ये तोंडाला मास्क लावून ती शाखेत गेली. माझी बदली एव्हाना दादरला झाली होती, मी रजा काढून सोबत होतो. अंगठ्याऐवजी सही लावायची तर नवा फोटो आणि सहीचे नमुने असलेला अर्ज द्यावा लागतो, अधिकाऱ्यासमोर सही करावी लागते. तिने तीन ठिकाणी सही केली. वेळ लागला. मागे रांग होती, पण कोणी कुरकुर केली नाही. ओळ उजवीकडे चढत गेली होती आणि शेवटचे अक्षर चौकटीच्या बाहेर गेले होते. अधिकारी म्हणाले, चालेल. हयातीच्या दाखल्यावर त्या दिवशी तिने पहिल्यांदा स्वतःचे नाव लिहिले.

२०२१ चा दाखला तिने सहीने दिला, २०२२ चाही दिला. २०२३ च्या उन्हाळ्यात ती गेली. आठ वर्षे माझ्या डायरीत ती ओळ पडून होती, आणि सही तिला लाभली जेमतेम तीन वर्षे. हा हिशेब मी अनेकदा मांडून पाहिला आहे. तो दुसऱ्या कोणत्याही तऱ्हेने जुळत नाही.

दुसऱ्या ओळीचेही सांगतो, कारण ती नोकरीतली आहे. मुलीची पद्धत मी परीक्षेला लावली. परीक्षा द्यायची एवढेच न लिहिता, 'कल्याणला गाडीत जागा मिळाली की ठाण्यापर्यंत चार पाने' असे लिहिले. जागा मिळाली नाही तर त्या दिवशी माफ. वर्षातून दोनदा ही परीक्षा होते. त्या वेळी तीन पेपर होते, २०२३ पासून चार झाले आहेत. माझे दोन पेपर २०२१ मध्ये सुटले. लेखाशास्त्राचा राहिला, कला शाखेवाल्याचा तो राहणारच. तो पुढच्या वर्षी, दुसऱ्या प्रयत्नात सुटला. वेतनवाढ मिळाली. पुढची परीक्षा द्यावी की नाही याचा विचार चालू आहे. पदोन्नती म्हणजे बदली, आणि मुलीच्या शिक्षणाची ही वर्षे आहेत. या बाबतीत पत्नीचे मत माझ्यापेक्षा वेगळे आहे, ती म्हणते द्या. ज्याच्यावर भार पडणार त्याला विचारावे असे मी वर लिहिले, तेव्हा तिचे म्हणणे मला डावलता येणार नाही.

तिसरी ओळ, रोज चालण्याची, अजून तशीच आहे. बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन विचारवंताने स्वतःला सुधारण्यासाठी तेरा गुणांची एक वही केली होती. एका आठवड्यात एकाच गुणाकडे लक्ष द्यायचे, चुकले की काळा ठिपका द्यायचा, तेरा आठवड्यांनी पुन्हा पहिल्यापासून. त्याने आत्मचरित्रात कबूल केले आहे की टापटीप हा गुण त्याला शेवटपर्यंत जमला नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या वहीत जर ठिपके राहिले तर माझ्याही वहीत राहू द्या. पण तेरा काय, तीनही जास्त होतात असा माझा अनुभव आहे. घरचा एक, नोकरीतला एक, बाकीचे पुढच्या वर्षी.

रविवारच्या वंदनेनंतर विहारात आम्ही काहीजण लोकांचे बँकेचे, रेशनचे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. तिथे दोन बाया अशा आहेत की अर्ज पुढे केला की आपोआप अंगठा पुढे करतात. दोघींनाही विचारले. एक लगेच हो म्हणाली, दुसरी म्हणाली, "आता काय करायचंय मला," आणि मग थोड्या वेळाने परत येऊन, किती दिवस लागतील असे विचारून गेली. या वर्षीच्या वहीत माझ्या घरच्या संकल्पाच्या ओळीवर त्या दोघींची नावे आहेत. ३ जानेवारीनंतरचा पहिला रविवार, सकाळी साडेदहा, अर्ज भरण्याचे टेबल मांडायच्या आधी अर्धा तास. जिच्या नावात जोडाक्षर आहे तिला माझी मुलगी शिकवणार आहे. पाट्या दोन आणल्या आहेत, पेन्सिलींचा डबा विहाराच्या कपाटात ठेवला आहे आणि कपाटाची एक किल्ली तिच्याजवळ दिली आहे.